इस्टर बास्केटमधली कँडी कमी करताय? मग या चुका टाळा

व्हॅलेंटाइनची लाल हार्टं उतरली रे उतरली की टार्गेट-वॉलमार्टच्या त्याच शेल्फवर पिवळी-गुलाबी पीप्स (मार्शमेलोची पिल्लं), जेली बीन्सच्या पिशव्या आणि आतून पोकळ चॉकलेटचे ससे येऊन बसतात. आणि इथे अमेरिकेत आपल्या मराठी घरात सणाशी काही देणंघेणं असो नसो, डेकेअर, शाळा, शेजारी आणि टाउनचा एग हंट (खाऊ भरून लपवलेली प्लॅस्टिकची अंडी शोधायचा खेळ) मिळून एक बास्केट घरात आणून सोडतातच. मग पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षीचा प्रश्न, कँडीऐवजी काय भरू गं? उत्तरंही दरवर्षी तीच, ग्रॅनोला बार, मनुका, फ्रूट स्नॅक्स, गमी व्हिटॅमिन. यातली निम्मी उत्तरं कँडीपेक्षा काही फार बरी नाहीत आणि एखाद-दुसरं तर चक्क धोक्याचं आहे, म्हणून म्हटलं एकदाचं सगळं लिहून टाकूया.

आधी एक आकडा डोक्यात ठेवा, म्हणजे पुढचं सोपं जाईल. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं म्हणणं असं की २ ते १८ वयाच्या मुलांच्या पोटात दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी वरची, म्हणजे पदार्थात वेगळी घातलेली, साखर जावी, म्हणजे साधारण ६ टीस्पून, आणि २ वर्षांच्या आतल्या बाळांना तर अजिबात नको. मूठभर जेली बीन्स खाल्ल्या की तो कोटा जवळजवळ संपलाच, आणि ससा अजून फोडायचाच असतो.

पाकिटावर फळाचं चित्र आहे म्हणून फसणं

ही सगळ्यात कॉमन चूक. फ्रूट स्नॅक्सच्या पाकिटावर स्ट्रॉबेरी, द्राक्षं, सगळं असतं, पण मागे फिरवून बघा, इथल्या नियमाप्रमाणे घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते, त्यामुळे पहिल्या तीन नावांत कॉर्न सिरप आणि शुगर दिसली की समजायचं, ही गमीच आहे, फक्त कपडे बदललेत. योगर्ट लावलेल्या मनुकांचंही तेच, ते पांढरं कव्हर म्हणजे बहुतेक वेळा साखर, पाम कर्नेल ऑइल आणि नावाला थोडी योगर्ट पावडर. न्यूट्रिशन लेबलवर ॲडेड शुगर्स अशी वेगळी ओळ असते, बाकी काही वाचायला वेळ नसेल तर निदान तेवढी एक ओळ वाचा.

शुगर-फ्री कँडी हा दुसरा सापळा. त्यात साखरेऐवजी सॉर्बिटॉल नाहीतर माल्टिटॉल असतं आणि ते पोटात जास्त गेलं की पोट बिघडतं, लहान मुलांचं तर लवकरच. रविवारची संध्याकाळ बाथरूमच्या दाराशी घालवायची हौस असेल तर जरूर भरा.

आणि साध्या मनुका? त्यात वरून काही घातलेलं नसतं हे खरं, पण निम्म्याहून जास्त वजन साखरेचंच आणि वर दाताला चिकटतात. छोटी एक डबी ठीक आहे, पण दर अंड्यात मनुका कोंबून आपण काहीतरी मोठं पुण्य केलं असं वाटून घेऊ नका.

आपलं देशी म्हणजे हेल्दीच, हा गैरसमज

यावर घरात वाद होणार, माहिती आहे. एप्रिलच्या सुमाराला बऱ्याच घरी आजी-आजोबा आलेले असतात आणि त्यांच्या बॅगेतून लोणावळ्याची चिक्की, राजगिऱ्याच्या वड्या, तिळाचे लाडू निघतात. कँडीपेक्षा आपली चिक्की बरी ना, असं म्हणून ती बास्केटमध्ये जाते. चिक्कीत शेंगदाण्याचं प्रोटीन असतं, तीळ असतात, सगळं मान्य, पण गूळ ही पण साखरच आहे हो, आपल्या प्रेमापोटी शरीर काही तिचा वेगळा हिशोब ठेवत नाही. शिवाय शेंगदाण्याची किंवा तिळाची ॲलर्जी असलेली मुलं इथे शाळांत असतात. घरच्या घरी आपल्या पोराला द्या खुशाल, पण शाळेच्या किंवा शेजारच्या एग हंटसाठी अंडी भरून द्यायची असतील तर चिक्की, लाडू, काजू-बदामवाली खजूर रोल, यातलं काहीही नको.

अंड्यात खाऊच भरायचा, हा हट्ट

माझ्या मते बाकीच्या निम्म्या चुका इथूनच सुरू होतात. प्लॅस्टिकचं नेहमीचं अंडं दोन-सव्वादोन इंच लांब, त्यात मावेल एवढ्या आकाराचा खाऊ म्हटलं की डोक्यात कँडीच येते, कारण तेवढ्या आकारात मिळते ती कँडीच. मग हेल्दीच्या नादात लोक त्यात गोल्डफिश क्रॅकर्स, चीरिओज, नाहीतर सुटी द्राक्षं भरतात. या अंड्यांना बऱ्याचदा टोकाला बारीक भोकं असतात, सकाळी गवतावर दव असतं, तासाभरात क्रॅकर मऊ पडतात आणि मुंग्या मुलांच्या आधी हंट सुरू करतात. खाऊ घालायचाच असेल तर कंपनीच्या सीलबंद छोट्या पाकिटातला घाला आणि त्यासाठी मोठ्या साइजची अंडी घ्या.

त्यापेक्षा सरळ वाटणी करून टाका, अंड्यात वस्तू आणि बास्केटमध्ये खाऊ. मुलांची खरी मजा शोधण्यात आणि टक करून अंडं उघडण्यात असते, आत काय निघालं याचं कौतुक पाच मिनिटं टिकतं. अंड्यात काय मावतं बघा, स्टिकर, टेम्पररी टॅटू, लेगोचा छोटा माणूस, केसांच्या क्लिपा, मजेदार खोडरबर, क्वार्टरची नाणी. सगळ्यात भारी म्हणजे २४ तुकड्यांचं एक जिगसॉ घ्यायचं आणि दोन-दोन तुकडे एकेका अंड्यात टाकायचे, बारा अंडी शोधल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही, त्यामुळे भावंडं एकमेकांची अंडी पळवायच्या ऐवजी एकत्र शोधायला लागतात.

मराठी शाळेत जाणारं पोर असेल तर अजून एक गंमत करता येते. प्रत्येक अंड्यात चिठ्ठीवर एकेक अक्षर लिहायचं, आ, ज, रा, त्री, पि, झ्झा, आणि सगळी मिळाली की लावायला बसवायचं. एरवी वही उघडायला नाही म्हणणारं पोर झ्झा हे अक्षर नक्की कसं वाचायचं यावर दहा मिनिटं घालवतं. कुपनंही चालतात, अर्धा तास उशिरा झोपायचं, गाडीत गाणी मी लावणार, बाबा भांडी घासणार. शेवटचं कुपन आमच्याकडे सगळ्यात लोकप्रिय आहे, मुलांत नाही, माझ्यात.

तसं बघितलं तर या बास्केटची सुरुवातच कँडीने झालेली नाही. पेनसिल्व्हेनियात आलेल्या जर्मन लोकांनी १८व्या शतकात सशाची ही गोष्ट सोबत आणली, मुलं टोपीचं नाहीतर बॉनेटचं घरटं करून ठेवायची आणि ससा त्यात रंगीत अंडी घालून जातो असं मानायची. कँडीची गर्दी नंतरची.

बास्केटमध्ये खाऊ म्हणून फक्त गाजर ठेवणं

दुसरं टोक हे. मुलाच्या हातात कँडीच्या जागी सेलरी आणि गाजर दिलं की ते शेजारच्या पोराच्या बास्केटकडे बघणार, हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. फळं द्या पण थोडा थाट करा. छोटी सोलायला सोपी मॅंडरिन संत्री एप्रिलमध्ये अजून मिळतात, सालीवर मार्करने सशाचं तोंड काढा, झालं काम. केक आयसिंगची जी निमुळती प्लॅस्टिकची पिशवी असते तिच्यात गोल्डफिश भरून वरून हिरव्या रिबिनीने बांधलं की हुबेहूब गाजर दिसतं, क्रॅकर म्हणजे काही सात्त्विक आहार नव्हे पण वरची साखर जवळपास नाही. चीज स्टिक, पॉपकॉर्नची छोटी पिशवी, फ्रीझ-ड्राय स्ट्रॉबेरी हेही चालतं, फक्त स्ट्रॉबेरीच्या पाकिटावर नुसतं स्ट्रॉबेरी एवढाच घटक लिहिलेला असावा. चीज मात्र ऐन वेळी ठेवा, रात्रभर बास्केटमध्ये नको.

नुसते टूथब्रश, मोजे आणि शाळेच्या पेन्सिली भरणारेही असतात. एखादी वस्तू कामाची असू दे, पण सगळीच कामाची निघाली की मूल हिरमुसतं आणि मग त्याची समजूत काढायला तुम्हीच दुकानात जाऊन कँडी आणता.

फुटपाथवर काढायचे जाड खडू, दोरीच्या उड्या, साबणाचे फुगे, बॉल, पुस्तक, यांनी बास्केट पटकन भरल्यासारखी दिसते. फुग्यांची बाटली आडवी ठेवू नका, ती गळतेच गळते आणि पुस्तक चिकट होतं. बियांची पाकिटंही छान, पण इस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यात कधीही येतो, २०२६ ला ५ एप्रिल, २०२७ ला तर २८ मार्च, आणि तेव्हा न्यू जर्सी-शिकागोकडे अजून फ्रॉस्ट, म्हणजे रात्री गोठवणारी थंडी, असतो. झेंडू बाहेर लावला तर गेला, मूल रोज जाऊन बघणार आणि काही नाही. मुळा लावा, त्याला थंडी चालते आणि महिन्याभरात उपटून खाता येतो. नाहीतर घरातल्या डब्यातले मूठभर मेथीदाणे, खिडकीत कुंडीत टाकले की चार-पाच दिवसांत कोंब दिसतात आणि मुलं एवढाच वेळ थांबू शकतात.

वय न बघता भरणं

इथे जरा गंभीर व्हा. ४ वर्षांच्या आतल्या मुलांच्या बाबतीत बालरोगतज्ज्ञ ज्या गोष्टी घशात अडकतात म्हणून नको म्हणतात त्यात अख्खी द्राक्षं, दाणे-बदाम, पॉपकॉर्न, कच्च्या गाजराचे तुकडे आणि मार्शमेलो, सगळे आहेत, म्हणजे हेल्दी म्हणून जे जे सुचतं त्यातलं बरंच. वर मी जे पॉपकॉर्न, लेगो, नाणी सांगितली ती मोठ्या मुलांसाठी. ३ वर्षांच्या आतलं बाळ घरात असेल तर टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळीतून आरपार जाणारी कुठलीही वस्तू बास्केटमध्ये नको. द्राक्षं द्यायचीच तर उभी चार भागांत चिरून ताटात द्या.

पाण्यात टाकलं की फुगतं असलं काहीही नको, ते वॉटर बीड्स असोत की अंड्यातून डायनासोर निघणारं खेळणं. गिळलं गेलं तर ते आतड्यातही फुगतं, एक्सरेत बहुतेक वेळा दिसत नाही आणि ऑपरेशनपर्यंत वेळ जाते. लुकलुकणारी अंगठी नाहीतर ससा घेताना बटण-सेलची झाकणी स्क्रूने बंद आहे ना बघा, तो सेल गिळला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजू शकते. आणि गमी व्हिटॅमिन बास्केटमध्ये ठेवून त्याला खाऊ म्हणू नका, मूल अर्धी बाटली खाऊ म्हणूनच संपवेल. तसं झालंच तर पॉयझन कंट्रोलचा १-८००-२२२-१२२२ हा नंबर २४ तास चालू असतो. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं काहीही नको, हे आजीला पण सांगून ठेवा.

एकही कँडी नाही, अशी शपथ घेणं

याने काही होत नाही. एग हंटमधून ती येणारच, आणि घरात बंदी असली की मूल बाहेर दुप्पट खातं. दोन-तीन चांगली, त्याला खरंच आवडणारी चॉकलेटं ठेवा आणि जेवणानंतर एकदम खाऊ द्या. दातांच्या दृष्टीने दिवसभर एकेक जेली बीन चघळत बसणं जास्त वाईट, कारण प्रत्येक वेळी तोंडात नव्याने ॲसिड तयार होतं. एकदम खाल्लं, पाणी प्यायलं, विषय संपला. बाहेरून आलेल्या कँडीसाठी अदलाबदली ठेवा, दहा कँडी दे आणि एक मोठा बॉल घे. दर आधी ठरवा, नाहीतर पोरं घासाघीस करतात, अगदी मंडईत करतात तशी.

शाकाहारी घरांसाठी एक, पीप्समध्ये डुकराचं जिलेटिन असतं आणि बऱ्याच गमींमध्येही जिलेटिन असतंच. जेली बीन्सवरची चकाकी अनेकदा शेलॅकची, म्हणजे आपली बांगड्यांची लाखच. ॲलर्जीवाल्यांसाठी दुसरं, नेहमीचं चॉकलेट चालतं म्हणून त्याच कंपनीचं अंड्याच्या आकाराचं चालेलच असं नाही, सणाचे आकार कधीकधी वेगळ्या मशीनवर बनतात, लेबल पुन्हा वाचा.

खरी अंडी आणि घरातली जनावरं

रंगवलेली उकडलेली अंडी हा तर सगळ्यात सरळ पर्याय, प्रोटीन भरपूर आणि साखर जवळपास शून्य. फक्त फ्रिजबाहेर एकूण दोन तासांच्या वर राहिलं तर खायचं नाही, तडकलेलं पण नाही, बाकीची आठवड्यात संपवा. सोपा उपाय म्हणजे लपवायला प्लॅस्टिकची आणि खायला फ्रिजमधली.

कुत्रं असेल तर चॉकलेट नको हे सगळ्यांना माहीत असतं, पण द्राक्षं-मनुका आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेलं शुगर-फ्री च्युइंगगमही त्याच्यासाठी विषारी आहे, म्हणजे हेल्दी बास्केट जमिनीवर ठेवून झोपू नका. मांजर असेल तर ते चमचमतं प्लॅस्टिकचं गवत टाळा, मांजरं ते खातात आणि आतड्यात अडकतं, कागदाचं घ्या. इस्टर लिलीची कुंडी तर मांजराच्या घरात आणूच नका, तिचे परागकणसुद्धा किडनी घालवतात.

आणि लपवताना किती अंडी कुठे ठेवली त्याची फोनवर नोंद ठेवा. प्लॅस्टिकचं राहिलं तर फार तर जूनमध्ये लॉन मोअरखाली फुटेल, पण खरं अंडं सोफ्यामागे राहिलं की ते कुठे आहे हे तुम्हाला शोधावं लागत नाही.