पाहुण्याला बोलू द्या: कोकणी शिकवणाऱ्या पॉडकास्टमधल्या या चुका टाळा

गोव्यात नोकरीला आलेले, लग्न होऊन आलेले मराठी लोक हल्ली पॉडकास्ट ऐकून कोकणी शिकतात. असे पॉडकास्ट काढणारी मुलंही वाढली आहेत आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. त्यांच्या रेकॉर्डिंगला मी मदतीला जातो. पण त्याच त्या चुका बघून आता जीव मेटाकुटीला आला आहे. बहुतेक चुकांचं मूळ एकच: मुलाखत घेणारा मास्तर होऊन बसतो. ऐकणारा शिकतो ते पाहुण्याच्या बोलण्यातून. तुमचं काम त्याला त्याच्या स्वतःच्या भाषेत बोलतं ठेवायचं, एवढंच.

सगळ्यात मोठं पाप म्हणजे मध्येच अर्थ सांगणं. गेल्या काजूच्या हंगामात सत्तरी तालुक्यातल्या एका भाटीवर, म्हणजे फेणीच्या भट्टीवर, गेलो होतो. काका साठी ओलांडलेले, आयुष्यभर फेणी काढलेली, बोलायला एकदम मोकळे. "बोंडां हाडटात, मागीर कोळंबेंत घालतात," एवढं म्हणाले आणि आमच्या तरुणाने हात वर केला. माइककडे वळून मराठीत सुरू: बोंडां म्हणजे काजूची फळं, कोळंबी म्हणजे दगडात खोदलेली कुंडी, तिच्यात ती पायांनी तुडवतात. काका हातातलं लाकूड तसंच धरून थांबले. पुढचं वाक्य झालं, पुन्हा अर्थ. चार-पाच वेळा असं झाल्यावर काकांनी आपणहून मराठी धरली. पोराला कोकणी कळत नाही अशी त्यांची खात्री पटली होती आणि मराठी तर त्यांना घरच्यासारखी येते. पुढे माहिती भरपूर मिळाली, पण कोकणी शिकणाऱ्याच्या कामाचं त्यात काही उरलं नाही.

निघण्याआधी मी एकच प्रश्न टाकला, "काका, फेणी कशी काडटात?" आणि गप्प बसलो. काका सुरू झाले. बोंडं गोळा करायची, तुडवायची, रस आंबायला ठेवायचा, मग भाणात, म्हणजे भट्टीवरच्या भांड्यात, घालून खाली जाळ. पहिल्यांदा उतरते ती उर्राक, ती पुन्हा भाणात गेली की फेणी. प्रत्येक पायरीआधी "मागीर", म्हणजे मग, आणि शेवटी हाडटात, घालतात, दवरतात, काडटात. क्रियापदाचं एकच रूप इतक्या वेळा, इतक्या सहज कानावर पडलं की वेगळं व्याकरण सांगायची गरजच उरली नाही.

म्हणून मी नेहमी "कसं करतात" हाच प्रश्न आधी विचारायला लावतो. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवरची फळापानांची चौकट, कशी बांधतात, पोदेर, म्हणजे पाववाला, पहाटे उठून काय काय करतो, सुकी मासळी पावसाळ्यासाठी कशी राखून ठेवतात. भूतकाळ हवा असेल तर एखादा घडलेला प्रसंग विचारा. "तुम्हाला गोवा कसा वाटतो?" या प्रश्नाला आजवर कुणी धड उत्तर दिलेलं मी ऐकलेलं नाही. अडलेला शब्द आणि त्याची वेळ मी वहीत टिपतो. अर्थ सांगायचा तो घरी येऊन, भागाच्या शेवटी.

दुसरी चूक मला याहून जास्त लागते: पाहुण्याची कोकणी सुधारणं. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि पुस्तकांतून जी शिकवली जाते तिच्यावर अंत्रुजी बोलीची, म्हणजे फोंड्याकडच्या बोलीची छाप आहे. पण गोव्याच्याच साष्टी तालुक्यात बोलतात ती वेगळी, बार्देशात वेगळी, पेडण्यात आणखी वेगळी. तियात्र, म्हणजे गोव्यातली कोकणी नाटकं, आणि चर्चमधली कोकणी तर रोमी, म्हणजे रोमन लिपीत वाढली. मडगावकडच्या एका आजीबाईंना एका मुलीने सांगितलं, "पुस्तकात हे असं नाही." आजीबाई त्यानंतर प्रत्येक शब्द तोलून बोलायला लागल्या आणि थोड्याच वेळात "म्हाका येना गो बाय" म्हणून उठल्या. आयुष्यभर जी भाषा बोलली ती आपल्याला येत नाही, असं त्यांना वाटायला लावलं आपण. क्रमिक पुस्तक दोन महिने चाळलेल्या माणसाने हे करू नये. फरक असेल तर नंतर कौतुकाने सांगा, "साष्टीत असं म्हणतात."

"जरा सावकाश बोला" हेही सांगू नका. माणूस सावकाश बोलायला लागला की शब्द सुटे होतात, आणि मग शिकणाऱ्याला बाजारातली कोकणी ओळखूच येत नाही. मूळ वेग ठेवा. हवं तर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये टेम्पो पंधरा-वीस टक्क्यांनी कमी करून तोच तुकडा पुन्हा ऐकवा. आवाजाची पट्टी बदलत नाही.

फाटकात शिरताना हिंदीत बोललात तर आत हिंदीच मिळेल. पहिलं वाक्य, मोडकंतोडकं का असेना, कोकणीत बोला.

पाहुणा थांबला की लगेच पुढचा प्रश्न नको. थोडा श्वास घेऊ द्या. खरी गोष्ट बहुधा त्या थांबण्यानंतर येते, आणि उतावळे लोक ती कापून टाकतात.

"व्हय, व्हय" करत राहू नका, मान हलवा. तुमचा होकार त्याच्या शब्दावर बसतो आणि मग तो काढता येत नाही.

प्रश्न आधी लिहून पाठवू नका. पाहुणा उत्तरं पाठ करून येतो. विषय सांगा, पुरे.

हेडफोन लावा. पावसाळ्यात पत्र्याखाली रेकॉर्डिंग नको.

शेवटचं, घाईबद्दल. आठवड्यात दहा भाग काढायचे म्हणून लोक रेकॉर्डिंग सरळ ॲपला देतात आणि जे लिहून येतं ते श्रोत्यांना वाचायला देतात. ॲप कोकणी ऐकून मराठी किंवा हिंदी शब्द बसवतं आणि शिकणारा तेच पाठ करतो. हाताने लिहा. दहा मिनिटांच्या बोलण्याला अख्खी संध्याकाळ जाते, जाऊ द्या. मग तो कागद पाहुण्याच्या घरी नेऊन त्याच्याकडून किंवा त्याच्या सुनेकडून वाचून घ्या, आणि आवाज लोकांपर्यंत सोडायची परवानगीही त्याच वेळी पुन्हा विचारा.