दातांच्या तपासणीला जाताय? या चुका टाळा

दाढ ठणकत असली की दवाखान्यात निघण्याआधी बरेच जण एक दुखण्याची गोळी घेतात. लोकलमध्ये उभं राहायचं, वर तासभर नंबरची वाट बघायची, तेव्हा तेवढाच आराम. पण तीच गोळी तपासणीच्या आड येते. नेमकी कुठली दाढ दुखते हे शोधायला डॉक्टर आरशाच्या दांडीने एकेका दातावर हलकेच ठोकून बघतात, थंडगार कापसाचा बोळा दाताला लावतात आणि कळ किती वेळ टिकते ते पाहतात. बोळा काढल्याबरोबर कळ थांबली तर आतली नस बहुधा वाचू शकते. अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त रेंगाळली तर रूट कॅनलचा विचार करावा लागतो. गोळीने कळ दबली असेल तर हा फरकच कळत नाही. दुखणं सहन होत नसेल तर गोळी जरूर घ्या, पण कोणती आणि किती वाजता घेतली ते सांगा. गोळी हिरडीवर दाबून ठेवणं मात्र कधीच नको. ॲस्पिरिनने तिथली नाजूक त्वचा भाजते, पांढरी पडते आणि एक नवीन जखम होऊन बसते.

गोळीपेक्षा एका कागदावर चार ओळी लिहून न्या: थंडाने कळ येते की गरमाने, चावताना येते का, रात्री झोपेतून उठवते का, किती दिवसांपासून.

दुसरी चूक उपाशी जाण्याची. ही काही रक्ततपासणी नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन, नाश्ता न करता गेलात आणि खोळंबा झाला तर खुर्चीतच साखर उतरून घाम फुटू शकतो. नेहमीसारखं खा, नेहमीची औषधं घ्या, साधा ब्रश करून निघा. त्या दिवशी जोर लावून दात घासल्याने महिन्यांचं किटण निघत नाही, हिरड्या मात्र सोलतात.

औषधांबद्दल विचारलं की "बीपीची एक गोळी चालू आहे" एवढ्यावर बोलणं संपतं. नाव महत्त्वाचं आहे. ॲम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी काही जणांच्या हिरड्या फुगून दातांवर चढतात, आणि ते कारण माहीत नसेल तर दोष नुसता ब्रशला दिला जातो. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, हृदयाची झडप बदललेली असेल, हाडांच्या ठिसूळपणासाठी इंजेक्शन घेतलं असेल, तर ते आधी सांगा. रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करून जाऊ नका, त्याचा धोका दाताच्या दुखण्यापेक्षा मोठा आहे. सगळ्या स्ट्रिपचे फोटो मोबाइलमध्ये काढून नेलेत की काम झालं.

तंबाखू लपवू नका

शेजारी बायको किंवा वडील बसलेले असले की "काही खात नाही" असं उत्तर येतं. ओठाच्या आत जिथे बार ठेवला जातो तिथली त्वचा पांढरट, सुरकुतलेली होते, ती तपासणाऱ्याला दिसतेच. किती वर्षं आणि दिवसातून किती वेळा, हे मात्र तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. घरच्यांसमोर बोलायचं नसेल तर "दोन मिनिटं एकट्याशी बोलायचंय" एवढं म्हणा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, त्यामुळेही लोक कबूल करायला बिचकतात. दवाखान्यात पकडायला कोणी बसलेलं नाही. आजीची मशेरीही तंबाखूच आहे, तीही सांगा.

"मी फक्त सुपारी खातो, तंबाखू नाही" हा समज तर फार महागात पडतो. गालाची आतली बाजू ताठ होत जाऊन तोंड उघडेनासं होतं, तो आजार मुळात सुपारीचा. सुरुवातीला साधी भाजीही तिखट लागते, तोंडात आग होते. घरी एक परीक्षा करून बघा: तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकत्र धरून उभी, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घाला. तीन बोटं जात नसतील तर तारखेची वाट न बघता दाखवा. दोन आठवड्यांत न भरलेली जखम आणि न जाणारा लाल किंवा पांढरा चट्टा यांनाही हेच लागू.

म्हणून जीभ बाहेर ओढून तिच्या कडा, जिभेखालचा भाग आणि टाळू बघितला जात असेल तर कंटाळू नका. तपासणीतला सगळ्यात मोलाचा मिनिट तोच आहे. कोणी बघितलं नाही तर आपण होऊन बघायला सांगा. कवळी असेल तर ती काढूनच तपासून घ्या. तिच्याखाली घासून झालेल्या जखमा राहून जातात.

हिरडीतून रक्त आलं म्हणून घाबरू नका, आकडा विचारा

काळे पट्टे असलेली एक बारीक, बोथट सळई दात आणि हिरडी यांच्या फटीत हलकेच उतरवतात. गालाकडून तीन जागा, जिभेकडून तीन, अशी एका दाताची सहा मापं. "तीन, दोन, तीन, पाच" असं काही कानावर पडतं ते मिलिमीटर असतात. १ ते ३ ठीक. ४ झालं की लक्ष द्यायचं. ५ किंवा अधिक म्हणजे फटीत इतक्या खोल घाण साचते की घरचा ब्रश तिथे पोहोचतच नाही. निरोगी हिरडीतून एवढ्या हलक्या स्पर्शाने सहसा रक्त येत नाही. आलं, तर "सळई टोचली" असं समजून विषय सोडू नका, तिथे सूज आहे. सगळीकडे सगळ्या दातांची मापं घेतली जातातच असं नाही, म्हणून मागून घ्या आणि लिहूनही घ्या.

कागदावर ३६, ४६ असे आकडे दिसले की "दात तर बत्तीसच, मग हे काय?" असा गोंधळ होतो. पहिला अंक जबड्याचा भाग, दुसरा मधल्या रेषेपासून कितवा दात. ४६ म्हणजे तुमच्या उजव्या बाजूची खालची सहावी, अर्थात पहिली मोठी दाढ.

"दात साफ केले की हलतात" या भीतीने किटण तसंच ठेवणारे पुष्कळ आहेत. दात हलायला हाड झिजलेलं असावं लागतं. किटणाने दात एकमेकांना चिकटवल्यासारखे धरलेले असतात, ते निघालं की आधीचं ढिलेपण आणि फटी उघड्या पडतात. थंड पाणी काही दिवस झोंबतं. दोन आठवड्यांनंतरही झोंबलं तर कळवा.

दोन दाढा जिथे टेकतात तिथली कीड आरशाने दिसत नाही, त्यासाठी छोटा एक्स-रे लागतो. गरोदर असाल तर आधी सांगा. उमासे येत असतील तर तेही सांगा आणि नाकाने सावकाश श्वास घ्या. फिल्म मिळाली तर खिडकीच्या उजेडात धरून फोटो काढून ठेवा, त्या इवल्या फिल्म हमखास हरवतात.

मुलांच्या बाबतीत एकच सांगणं. साधारण सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक दाढ येते. काही पडलेलं नसतं, त्यामुळे ती दुधाचीच समजली जाते आणि "पडणारच आहे" म्हणून तिची कीड वाढू दिली जाते. ती कायमची आहे.

मुंबईत सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय गाठणार असाल तर सकाळी लवकर जा आणि अर्धा दिवस मोकळा ठेवा. आधी केसपेपर, मग निदानाचा विभाग, तिथून पुढे ज्या त्या विभागात पाठवतात. विद्यार्थी तपासतात आणि मग वरिष्ठ पुन्हा बघतात. दोनदा तोंड उघडावं लागलं तर वैतागू नका, दुसरी नजर फुकट मिळते आहे.

"सहा महिन्यांनी या" हा सरसकट हिशोब प्रत्येकाला लागू नाही. हिरडीत ५ चा आकडा निघून सफाई झाली असेल तर दीड-दोन महिन्यांनी तीच जागा पुन्हा मोजून घ्या. जाताना जुना कागद न्या, म्हणजे त्याच दाताचा ५ आता ३ झाला की ६, हे समोरासमोर दिसेल.