तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करताना या चुका टाळा

जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार १० ते १९ वयोगटातील दर सात जणांपैकी एकाला मानसिक आजाराला तोंड द्यावे लागते. हा आकडा या कामाच्या जवळपास प्रत्येक प्रस्तावाच्या पहिल्या पानावर असतो. ज्यांच्याविषयी तो आहे ती मुले मात्र शेवटच्या पानावर, लाभार्थ्यांच्या रकान्यात सापडतात.

सगळे ठरल्यावर मुलांना बोलावणे ही म्हणूनच सर्वांत जुनी चूक आहे. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मांडलेल्या सहभागाच्या शिडीला आठ पायऱ्या आहेत, आणि मुलांना हाताशी धरणे, शोभेसाठी बसवणे व नावापुरते घेणे या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. आठवड्याभरात ‘युवा समिती’ उभी करणारे उत्साही लोक बहुधा या तिसऱ्या पायरीवरच फोटो काढून घेतात. मी पहिल्याच बैठकीत खर्चाचा तक्ता मुलांसमोर ठेवतो आणि त्यातील एक रक्कम पूर्णपणे त्यांच्या निर्णयावर सोडतो. पुढच्या बैठकीची सुरुवात, त्यांच्या कोणत्या सूचना घेतल्या, कोणत्या घेतल्या नाहीत आणि का, हे सांगूनच होते.

दुसरी चूक मला अधिक अस्वस्थ करते, ती म्हणजे तयारीशिवाय एखाद्याला स्वतःची कहाणी सांगायला मंचावर उभे करणे. एका कार्यक्रमात मी श्रोत्यांमध्ये होतो. महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी आपल्या नैराश्याविषयी नेटकेपणाने बोलत होती. तेवढ्यात सूत्रसंचालकांनी तिला मध्येच थांबवून, “त्या रात्री नेमके काय केलेस, ते सांग ना,” असे विचारले. ती गोंधळली आणि जे सांगायचे नव्हते तेही सांगून बसली. संध्याकाळपर्यंत तेवढाच तुकडा कापून मोबाईलवर फिरू लागला होता आणि तिच्या वडिलांना ही गोष्ट एका नातेवाइकाकडून कळली. आयोजकांनी तिला सन्मानचिन्ह दिले होते, पण दुसऱ्या दिवशी तिला फोन कोणी केला नाही. आत्महत्येच्या प्रयत्नाची पद्धत जाहीरपणे सांगितल्याने ऐकणाऱ्यांपैकी जे आधीच खचलेले असतात त्यांना धोका वाढतो, म्हणून हा प्रश्न विचारायचाच नसतो, हे त्या सूत्रसंचालकांना माहीत असायला हवे होते.

माझ्या कार्यक्रमांत बोलणाऱ्याला आधी सगळे लिहून काढायला सांगतात. मग तो स्वतःच ठरवतो की कोणता भाग सर्वांसमोर सांगायचा, कोणता कॅमेरा बंद असतानाच सांगायचा आणि कोणता आपल्यापाशी ठेवायचा. पाच वर्षांनी नोकरीच्या मुलाखतीत कोणी ही चित्रफीत पाहिली तर चालेल का, हेही मी विचारतो. मंचावर जाण्याच्या क्षणापर्यंत त्याला माघार घेता येते आणि कारण विचारले जात नाही. त्यासाठी पर्यायी वक्ता तयार असतो. अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागतेच, पण पालकांनी हो म्हटले म्हणून मुलाचा नकार रद्द होत नाही. हे सगळे वेळखाऊ आहे आणि ज्यांना इतका वेळ नाही त्यांनी भित्तिपत्रके लावावीत.

बाकीच्या चुका लवकर सांगून होतील. परीक्षेच्या तोंडावर किंवा तासांच्या वेळेत बैठक ठेवू नये. दर वेळी त्याच एका वक्तृत्वपटू मुलाला पुढे करू नये, कारण कमी बोलणाऱ्यांचा अनुभव वेगळा असतो. तज्ज्ञाला मानधन आणि मुलाला प्रमाणपत्र, हा हिशेब मला पटत नाही. पालक आणि शिक्षकांना आरोपी ठरवून बोलावले तर ते दुसऱ्यांदा येत नाहीत. १० ऑक्टोबरचा मानसिक आरोग्य दिन झाला की ११ तारखेला काम थांबवणाऱ्यांविषयी काय बोलावे!

मदतीची सोय न पाहता जागृती करणे हीसुद्धा चूकच आहे, कारण धीर करून हात पुढे केलेल्याला रिकामे परत पाठवले तर तो पुन्हा हात पुढे करत नाही. पत्रकावर छापायच्या प्रत्येक मदतक्रमांकावर मी आधी रात्री उशिरा स्वतः फोन लावून पाहतो, कोण उचलते एवढे कळले की लगेच ठेवतो, आणि कोणी उचलला नाही तर तो क्रमांक पत्रकातून काढून टाकतो.