डिमेन्शिया असलेल्या घराला आधार देताना या चुका टाळा

सासूबाईंना अल्झायमर (स्मृती आणि समज हळूहळू हिरावणाऱ्या डिमेन्शियाचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) असल्याचं निदान झालं तेव्हा त्या ७३ वर्षांच्या होत्या, गेल्या तेव्हा ८२. मधली नऊ वर्षं त्या आमच्याकडे पुण्यात होत्या. त्या काळात घरी येऊन गेलेल्यांपैकी वाईट हेतूने आलेलं एकही माणूस मला आठवत नाही. तरीही कितीतरी वेळा पाहुणे गेल्यावर मी बाथरूमचं दार लावून रडले आहे.

आता आम्ही काही जणी महिन्यातून एकदा एकत्र बसतो. कुणाची आई, कुणाचा नवरा, कुणाचे सासरे. एकमेकींचं ऐकताना कळतं की घरं वेगळी असली तरी आजूबाजूच्यांच्या चुका त्याच आहेत. म्हणून हे लिहिते आहे ते मुख्यतः भावंडांसाठी, नणंदा-दिरांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या दर शंभरांत सात-आठ जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा. तुमच्या नात्यात किंवा सोसायटीत असं एखादं घर असण्याची शक्यता बरीच आहे.

"ओळखलं का? सांगा बरं मी कोण?"

भेटायला आलेले दहापैकी आठ जण याच प्रश्नाने सुरुवात करतात. यात प्रेमच असतं. पण समोरच्या माणसाला ती तोंडी परीक्षा वाटते, आणि नापास झाल्याचं त्याला कळतं. नाव आठवत नाही. लाज मात्र वाटते आणि ती मागे राहते. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अशा प्रश्नानंतर संध्याकाळपर्यंत गप्प बसून असायच्या.

आल्या आल्या आपणच सांगावं: "मावशी, मी तुमच्या धाकट्या बहिणीची मुलगी, कराडहून आले." मग प्रश्न न विचारता हाताला काम घ्यावं. शेंगा सोलाव्यात, वाती वळाव्यात, पावटे निवडावेत. अल्झायमरमध्ये नुकतं घडलेलं आधी पुसलं जातं. हातांना झालेली सवय आणि लहानपणापासून कानावर पडलेलं पुष्कळ मागाहून जातं. आईंना माझं नाव येईनासं झाल्यावरही वर्षभर हरिपाठ येत होता. त्यांच्या एका भाचीला हे बरोबर समजलं होतं. ती यायची, शेजारी बसायची आणि अभंगाची पहिली ओळ म्हणायची. दुसरी ओळ आई म्हणायच्या.

"माझ्यासमोर तर छान बोलल्या"

या एका वाक्याने घरं फुटलेली मी पाहिली आहेत, म्हणून इथे जरा थांबते.

पाहुण्यांसमोर रुग्ण सावरतो. "या, बसा, चहा घेणार ना, मुलं कशी आहेत" हे सगळं इतक्या जुन्या वळणाचं असतं की आजार बराच वाढेपर्यंत ते टिकतं. तास-दीड तास माणूस सगळी ताकद लावून नीट वागतो. पाहुणा गेला की ती ताकद संपते, आणि पुढची रात्र घरच्यांना निभवावी लागते. पाहुण्याने पाहिलेला असतो तो एक तास. घरी जाऊन तो फोन करतो: "अगं, त्यांना काहीच झालेलं नाही, तुम्हीच फार टेन्शन घेताय." ऐकणाऱ्या बाईच्या मनात येतं, मी काय खोटं सांगते आहे?

माझ्या वन्संनाही असंच वाटायचं, तीन वर्षं. पुढे माझ्या भावाच्या घरी लग्न निघालं आणि त्या तीन दिवस आईंसोबत एकट्या राहिल्या. दुसऱ्या रात्री दोन वाजता आई उठून कपाटातले सगळे कपडे जमिनीवर काढून बसल्या, कुठल्या तरी गाडीची वेळ झाली म्हणून. वन्संनी समजावलं तर त्यांनी लेकीलाच "कोण बाई तू?" म्हणून दाराकडे ढकललं. मी परत आले तेव्हा वन्संनी पहिला प्रश्न विचारला, "तू झोपतेस कधी?" तीन वर्षांत मला तो कुणीही विचारला नव्हता.

तुमच्या मनात शंका असेल तर ती बोलून दाखवण्याआधी एक रात्र तिथे राहा.

याच चुकीची दुसरी बाजू शेजारी घडते. "सून मला जेवायला देत नाही" असं आई खालच्या मजल्यावर जाऊन सांगायच्या. वरणभात खाऊन वीस मिनिटं झालेली असायची. त्या खोटं बोलत नव्हत्या. जेवल्याचं डोक्यात उरलेलंच नसायचं आणि सून समोर दिसायची. बांगड्या, पैसे, मंगळसूत्र चोरल्याचा आळही असाच येतो, आणि तो बहुतेकदा सगळ्यात जास्त करणाऱ्या माणसावर येतो, कारण घरातल्या प्रत्येक वस्तूला त्याचाच हात लागत असतो. आईंच्या पाटल्या आम्हाला तांदळाच्या डब्यात सापडल्या.

शेजाऱ्यांनी अशा वेळी काय करावं? म्हाताऱ्या माणसाला खोटं पाडू नये आणि जिन्यात चर्चाही करू नये. "हो का, बसा, बिस्कीट घ्या" म्हणावं, आणि नंतर सुनेला बाजूला घेऊन साधेपणाने सांगावं. सांगताना आवाजात चौकशी नसावी. (उपासमार, मारहाण खरोखर होत असते अशीही घरं आहेत. अंगावर वळ, सतत घटणारं वजन किंवा कोंडून ठेवल्याचं दिसलं तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या एल्डरलाइनवर कळवावं.)

आईची पाळी

तीन मुलगे, प्रत्येकाकडे चार महिने. वाटणी न्याय्य दिसते, पण हा आजार असताना ती रुग्णाच्या जिवावर उठते. रात्री अंथरुणातून उठून संडासाकडे वळायचं ते डाव्या हाताला की उजव्या, हे वर्षानुवर्षांच्या वावराने पायांनाच माहीत झालेलं असतं. घर बदललं की तोही आधार जातो. मग पडणं, कपडे ओले होणं आणि "इथे आल्यापासून बिघडली" असे एकमेकांना टोमणे.

पाळी लावायचीच तर माणसांची लावा. आई एका जागी राहू द्या आणि मुलांनी, सुनांनी, लेकींनी तिथे येऊन आठवडा-आठवडा काढावा. ज्याला येणं शक्य नाही त्याने रात्रीच्या मदतनीस बाईंचा पगार उचलावा, औषधांचा हिशोब ठेवावा, विमा आणि बँकेची कामं अंगावर घ्यावीत. परदेशी असलेल्या भावाने व्हिडिओ कॉल आपल्याकडच्या सकाळी करावा. अमेरिकेत तेव्हा रात्र असते, त्यामुळे वेळही जुळते. संध्याकाळचा फोन टाळावा, कारण दिवसातला सगळ्यात अवघड वेळ तोच असतो.

आणि कुणी शेवटी रुग्णाला काळजीकेंद्रात ठेवायचं ठरवलं तर "आईला टाकलं" म्हणू नये. जो एक रात्रही राहिलेला नाही त्याने तर नाहीच.

"काही लागलं तर सांगा"

सांगायचं म्हणजे काय लागेल त्याचा विचार करायचा, मग मागायचं, मग उपकार मानायचे. काळजी घेणाऱ्या माणसात तेवढं बळ उरलेलं नसतं. मदत ठरवून, वार आणि वेळ सांगून द्या. समोरच्या ब्लॉकमधल्या काकू मला म्हणाल्या, "गुरुवारी चार ते सात मी तुझ्याकडे बसणार. तू माझ्याकडे जाऊन झोप, बेडरूममध्ये पंखा लावून ठेवलाय." चार वर्षं त्यांनी तो गुरुवार सांभाळला. मी त्या तीन तासांवर आठवडा काढायचे.

न विचारता डबा पाठवणं, औषधांच्या दुकानात जाऊन येणं, लॅबवाला येईल तेव्हा हात धरायला थांबणं, हेही असंच मोलाचं. "ब्राह्मी द्या, बदाम भिजवून द्या, सुडोकू सोडवायला लावा" हे सल्ले मात्र देऊ नका. एव्हाना ते चाळीस वेळा ऐकून झालेले असतात, आणि प्रत्येक वेळी वाटतं की आपणच काही कमी केलं.

हळदीकुंकवाला, बारशाला बोलावणं थांबवू नका. दाराजवळची खुर्ची द्या आणि अर्ध्या तासात निघाले तर आग्रह करू नका.

काळजी घेणाऱ्यालाच उदास वाटत असेल, झोप उडाली असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर कधीही मोफत आणि मराठीत बोलता येतं. हा फोन तुम्ही तिला लावून द्या. ती स्वतःहून लावणार नाही.

अचानक बिघडलं तर "आजार वाढला" म्हणून बसू नका

डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी सरकतो. कालपर्यंत बोलणारा माणूस आज भ्रमात गेला, झोपाळलेला दिसतो किंवा एकदम आक्रमक झाला, तर त्यामागे बहुधा दुसरं काही असतं: लघवीचा संसर्ग, चार दिवसांची बद्धकोष्ठता, शरीरातलं पाणी किंवा सोडियम कमी होणं, नवं औषध, न्यूमोनिया. पडल्यावर डोक्यात हळूहळू रक्त साचून असं होऊ शकतं, तेही पडल्यानंतर काही आठवड्यांनी. म्हाताऱ्या माणसाला संसर्गात ताप येतोच असं नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आमच्याकडे दोनदा लघवीचा संसर्ग निघाला आणि उपचारांनी आई पुन्हा आधीसारख्या झाल्या.

नातेवाईकांकडून होणारी एक चूक धोक्याची आहे: "माझी झोपेची गोळी देऊन बघ." देऊ नका. सर्दीच्या, झोपेच्या काही साध्या गोळ्यांनीही गोंधळ वाढतो. आक्रमकपणासाठीच्या अँटिसायकोटिक औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिला आहे. कधी कधी ती लागतात, पण ते डॉक्टर ठरवतील, आणि किती दिवस द्यायची हेही त्यांना विचारून घ्यायचं.

सुरुवातीच्या काळात उलटी चूक होते. "वयच झालं, साठी बुद्धी नाठी" म्हणून दोन वर्षं जातात. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, नैराश्य यांनीही विसर पडतो आणि त्यांवर उपचार आहेत. तपासणी तरी करून घ्या.

तिन्हीसांजेचं "मला घरी जायचंय"

"हेच तुमचं घर" असं सांगून भांडण वाढतं. आईंना साताऱ्याचं घर हवं होतं की त्यांचं माहेर, हे आम्हाला कधी कळलं नाही. एवढं कळलं की त्यांना भीती वाटायची. मी म्हणायचे, "हो, चहा घेऊ आणि निघू." पहिल्यांदा हे खोटं बोलणं जड गेलं. पण चहानंतर सोसायटीला दोन फेऱ्या मारल्या की त्या शांत व्हायच्या. सूर्य मावळायच्या आधीच सगळे दिवे लावावेत, कारण सावल्यांनी गोंधळ वाढतो.

एखाद्या दिवशी माणूस खरंच निघून जातो. वॉचमन, रिक्षास्टँड आणि कोपऱ्यावरचा किराणावाला यांच्याकडे फोटो आणि फोन नंबर आधीच देऊन ठेवा. खिशात चिठ्ठी राहत नाही, कपड्याला आतून नाव-नंबर शिवून टाका. हरवल्यावर "आधी आपण शोधू" म्हणत वेळ घालवू नका. ११२ ला फोन करा, पोलिसांत लगेच जा. २४ तास थांबावं लागतं हा गैरसमज आहे.

मुखत्यारपत्रावर विसंबणं

आमच्या गटात हा धक्का बऱ्याच जणींना बसला आहे. वडिलांकडून कुलमुखत्यारपत्र घेतलं की काम झालं असं वाटतं. पण १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, देणाऱ्याची बुद्धी शाबूत राहिली नाही की तो अधिकार संपतो. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच तो कागद निरुपयोगी ठरतो. म्हणून निदान झाल्या झाल्या, रुग्णाला समजतं आहे तोवरच, बँकेची खाती संयुक्त करणं, नॉमिनीची नोंद आणि डॉक्टरांच्या दाखल्यासह मृत्युपत्र हे त्यांना विचारून, वकिलाच्या सल्ल्याने करून घ्यावं. हे बोलणं त्यांच्या डोक्यावरून, आपापसांत, ते ऐकत असताना करू नये. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात लागतो. सत्तरीपुढच्यांसाठी बँकेला घरपोच सेवेबद्दल विचारा, रांगेत उभं करू नका.

"सुटल्या एकदाच्या"

मृत्यूनंतर हे वाक्य प्रत्येक जण म्हणतो, आणि "तूही सुटलीस" हे त्याच्या मागोमाग येतं. नऊ वर्षं जिचा दिवस एका माणसाभोवती फिरला तिला ते मोकळेपण सुरुवातीला पोकळीसारखं वाटतं, आणि थोडंसं हायसं वाटलं तर त्याचा अपराधही वाटतो. तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. खरी गरज त्यानंतर महिन्याभराने पडते. तेव्हा जा. आजारापूर्वीच्या त्या कशा होत्या ते बोला, कारण काळजी घेणाऱ्याला शेवटची वर्षंच तेवढी आठवत राहतात.

आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन जा. पहाटे दोनला उठायची माझी सवय आठ महिने सुटली नव्हती. जिना चढताना धाप लागते हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. वन्संनी एक दिवस रिक्षा बोलावली आणि मला तपासणीला नेलं. हिमोग्लोबिन साडेसात निघालं.