ॲपलने नवीन काही जाहीर केलं की घाई कशी करायची नाही

ॲपल नवीन सॉफ्टवेअर दाखवते तो जूनचा कार्यक्रम आपल्याकडे रात्री साडेदहाला सुरू होतो आणि सकाळ उजाडली की जळगाव-भुसावळचे डीटीपीवाले, शूटिंगवाले मित्र विचारायला लागतात, काय भो, अपडेट मारू का, नवीन घेऊ का. मी स्वतः तो कार्यक्रम आवडीने पूर्ण बघतो, पण बघणं वेगळं अन् पैसे टाकणं वेगळं.

पहिलं म्हणजे तारीख बघा. 2025 ला 9 जूनला आयओएस 26 (आयफोनची सिस्टिम) आणि मॅकओएस टाहो (मॅकची) दाखवलं, सगळ्यांना मिळालं 15 सप्टेंबरला. मधे जो बीटा, म्हणजे चाचणीसाठीची अर्धकच्ची आवृत्ती येते, ती कामाच्या मशीनवर टाकायचाच नाही. सप्टेंबरात फायनल आलं तरी आधी टाइम मशीनवर (मॅकमधलीच बॅकअपची सोय) पूर्ण बॅकअप घ्या, एखादं छोटं अपडेट येऊन जाऊ द्या, मग मारा.

दुसरं, इंटेलवाला (म्हणजे इंटेल कंपनीची चिप असलेला) मॅक कुणी स्वस्तात देत असेल तर नका घेऊ. टाहो ही इंटेल मॅकसाठी शेवटची आवृत्ती आहे हे कंपनीनेच सांगितलंय, आणि तीही 2019-2020 च्या मोजक्याच इंटेल मॉडेलांवर चालते. त्यापेक्षा जुना एम1 (ॲपलच्या स्वतःच्या पहिल्या एम चिपचा मॅक) बरा, तो 2020 चा असूनही टाहो घेतो. मला तर एम1 आला तेव्हा जेवढा आनंद झाला तेवढा नंतरच्या कुठल्याच चिपने दिला नाही.

आता लिक्विड ग्लास, म्हणजे या नवीन आवृत्तीतलं काचेसारखं आरपार दिसणारं रूप. दिसायला सुंदर आहे, मला मनापासून आवडलं, पण मराठीत फोन वापरणाऱ्याला त्रास होतो. आपल्या अक्षराला वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, आणि मागे लग्नातला रंगीबेरंगी फोटो वॉलपेपर असला की नोटिफिकेशनमधला 'र्थिं' सारखा जोड ओळखूच येत नाही, डोळे बारीक करून वाचावं लागतं. त्यावर उपाय सोपा आहे, सेटिंग्जमधे ॲक्सेसिबिलिटी, तिथे डिस्प्ले आणि टेक्स्ट साइज, आणि रिड्यूस ट्रान्सपरन्सी चालू करा. घरातल्या मोठ्या माणसांच्या फोनवर तर आधी हेच करून द्या.

हार्डवेअर घेताना आपल्या खान्देशचा उन्हाळा हिशोबात धरा, हे स्टेजवर कुणीच सांगणार नाही. मॅकबुक 10 ते 35 डिग्रीत वापरायचं असं ॲपल लिहितं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास खेळतो. एम चिपच्या मॅकबुक एअरमधे पंखा नाही, त्यामुळे पत्र्याच्या खोलीत भर दुपारी लग्नाचा लांबलचक व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की चिप तापते, स्वतःहून वेग कमी करते, आणि काम लांबत जातं. टायपिंग, हिशोब, फोटो एवढंच असेल तर एअर मस्त, पण रोज व्हिडिओ असेल तर पंखावाला प्रो किंवा मॅक मिनी घ्या. एअर आधीच असेल तर मोठे एक्सपोर्ट रात्री नाहीतर पहाटे लावा आणि मशीन गादीवर ठेवू नका.

रॅम नंतर वाढवता येत नाही, जी घ्याल ती कायमची. ऑक्टोबर 2024 पासून नवीन एअर 16 जीबीपासूनच सुरू होतो, म्हणून दुकानदार 8 जीबीचा जुना स्टॉक दाखवत असेल तर भाव तसाच पाडून मागा.

डीटीपीवाल्यांनी पत्रिकांच्या जुन्या फाइल्स पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जा. नवीन मॅकवर बूट कॅम्प नाही, म्हणजे विंडोज शेजारी टाकून जुनं चालवू हा विचार सोडा, आणि युनिकोड नसलेल्या (म्हणजे तो फॉन्ट मशीनवर नसला की अक्षरं भलतीच दिसतात अशा) फॉन्टमधला मजकूर तिथल्या मशीनवर उघडून, एक पान टाइप करून, प्रिंट काढून बघितल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.