इंजिनचं काम झालं आणि गाडी स्टार्टच होईना? आधी हे बघून घ्या

गॅरेजवाला म्हणणार काम एकदम ओके केलंय साहेब, तुमची बॅटरी गेली असेल. बॅटरीवाला म्हणणार बॅटरी टकाटक आहे, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) बघा. आणि सेल्फवाला तुर्भ्याला बसतो म्हणजे आता गाडी तिथपर्यंत टो करा. या चक्रात पडायच्या आधी एक गोष्ट डोक्यात ठेवा, गाडी जर कामाआधी नीट स्टार्ट होत होती तर गडबड बहुतेक वेळा जिथे फिटरचा हात फिरलाय तिथेच असते. नवीन पार्ट विकत घ्यायची घाई करू नका. काय काय खोललं होतं ते आधी विचारून घ्या. क्लचचं काम असेल तर गिअरबॉक्स उतरवलेला असतो, म्हणजे सेल्फ, अर्थची वायर आणि बऱ्याच गाड्यांत क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय का ते ओळखणारा) एवढं तरी हललेलं असतं. हेडचं म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचं काम असेल तर मग इंजेक्टर, कॉइल, सेन्सर, टायमिंग (वाल्व आणि पिस्टनचा मेळ), सगळंच आलं.

आता चावी फिरवा आणि कान द्या. सेल्फ फिरतोय की नाही? यावरच पुढचं सगळं आहे.

फिरतच नसेल, नुसतं टक किंवा टकटकटक होतंय, तर बॅटरीचे टर्मिनल हाताने हलवून बघा, हलले तर 10 चा पाना घेऊन टाईट करा. मल्टिमीटर असेल तर गाडी बंद असताना फुल चार्ज बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.2 म्हणजे अर्धी उतरलेली, आणि सेल्फ मारताना 9.5 च्या खाली गेली तर बॅटरी तरी उतरलीय किंवा दमलीय. गाडी गॅरेजमध्ये बरेच दिवस दार उघडं ठेवून, केबिनची लाईट चालू ठेवून पडलेली असते त्यामुळे हे होतंच.

पण बॅटरी चांगली असून सेल्फ रडतोय तर अर्थ बघा. अर्थ! हे मी ओरडून सांगतोय कारण गिअरबॉक्स उतरवल्यावर सगळ्यात जास्त हीच वायर राहते. इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीला एक जाड काळी वायर नाहीतर विणलेली पट्टी जाते, एका बोल्टवर असते, ती लावायची राहते किंवा गंजावर, पेंटवर तशीच कसलेली असते. टेस्ट सोपी आहे, जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावा, फॅन बेल्टपासून लांब, आणि सेल्फ मारा. झटक्यात फिरला तर चोर सापडला. मीटरने बघायचं तर एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनवर आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा, अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा दिसला तर अर्थ खराब. बोल्ट काढून पॉलिश पेपरने घासा, परत कसा, दहा मिनिटांचं काम आहे. अर्थही ठीक असेल आणि टकसुद्धा होत नसेल तर सेल्फवर येणारी बारीक वायर लागलीय का बघा, ती क्लिपची असते आणि सुटून लोंबकळत असते.

आता दुसरी केस, सेल्फ मस्त फिरतोय पण इंजिन पकडत नाही.

चावी ऑन केल्यावर चेक इंजिनची लाईट लागते का बघा. लागतच नसेल तर ईसीएमला म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला करंट नाही, फ्यूज आणि मेन रिले तपासा. चावीचं किंवा गाडीचं चिन्ह ब्लिंक होत राहिलं तर इमोबिलायझर म्हणजे चोरीविरोधी लॉक, दुसरी चावी लावून बघा. लाईट ठीक असेल तर मागच्या सीटखालून दोन सेकंद टाकीतल्या पेट्रोलच्या पंपाचा घूं आवाज यायला हवा. आणि सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडाही उचलत नसेल तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या. बहुतेक वेळा सेन्सर मेलेला नसतो, कपलर म्हणजे वायरीचा जोड अर्धाच बसलेला असतो. कपलर बसताना टक वाजायला पाहिजे, नाही वाजला तर काढून परत लावा.

आपल्याकडे ठाणे, नवी मुंबईत बऱ्याच गाड्या सीएनजीवर, आणि बाहेरून किट बसवलेल्या गाडीत एक वेगळाच घोळ असतो. सिक्वेन्शियल किटचे (प्रत्येक सिलेंडरला वेगळा गॅस सोडणारं किट) कपलर इंजेक्टर आणि ओरिजिनल वायरिंगच्या मधे बसवलेले असतात, हेडचं काम करताना ते सगळे सुटतात आणि लावताना एखादा राहतो किंवा अदलाबदल होतो, मग ना पेट्रोलवर धड ना गॅसवर. शिवाय बऱ्याच लोकांच्या टाकीत पेट्रोल नावालाच असतं आणि गाडी स्टार्ट तर पेट्रोलवरच होते. पाच लिटर टाका, चावी तीनचार वेळा ऑन ऑफ करा म्हणजे लाईनमध्ये प्रेशर येईल, मग सेल्फ मारा.

पेट्रोल येतंय तरी नाही? स्पार्क प्लग काढा. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे स्पार्क नाही, कोरडा ठणठणीत म्हणजे पेट्रोल पोचत नाही. जुन्या प्लग वायरवाल्या चार सिलेंडर गाडीत फायरिंग ऑर्डर म्हणजे सिलेंडरमध्ये स्पार्क पडायचा क्रम साधारण 1-3-4-2 असतो, दोन वायरी उलट लागल्या की गाडी फटफट करते आणि स्टार्ट होत नाही. प्लग ओले झाले असतील तर इंजेक्शनवाल्या गाडीत ॲक्सिलेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा, बऱ्याच गाड्यांत तेव्हा पेट्रोल बंद होऊन नुसती हवा जाते.

सेल्फ एका वेळी पाच-सात सेकंद, मग अर्धा मिनिट थांबा, नाहीतर सेल्फ तापून जाईल. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

डिझेल असेल तर फिल्टर किंवा पाईप खोलल्यावर लाईनमध्ये हवा शिरते. फिल्टरजवळ हाताचा पंप असेल तर कडक होईपर्यंत दाबा. पण कॉमन रेलचा (इंजेक्टरला जोरात डिझेल पुरवणारी लाईन) स्टीलचा पाईप सेल्फ मारताना सैल करायचा नाही, कोणी कितीही सांगो, तिथे प्रेशर इतकं असतं की डिझेल कातडीतून आत घुसतं.

आता खरं घाबरायचं कारण. टायमिंग बेल्ट किंवा चेन खोलली होती आणि सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सरसर फिरतोय, किंवा मधेच अडकून खटकतोय, तर तिथेच थांबा. कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) नाही म्हणजे टायमिंगचा एखादा दात चुकला असू शकतो आणि बऱ्याच इंजिनांमध्ये वाल्व पिस्टनवर आपटून वाकतात, मग बिल डबल. ओबीडी स्कॅनर (गाडीचे एरर कोड वाचणारं यंत्र) असेल तर पी 0335 म्हणजे क्रँक सेन्सर, पी 0340 म्हणजे कॅम (वाल्व उघडणारा शाफ्ट) सेन्सर आणि पी 0016 आला तर क्रँक आणि कॅमचा मेळ नाही, टायमिंग बघायलाच हवं. त्यासाठी प्लग काढून क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचे आणि टायमिंगच्या खुणा जुळतात का बघायचं. मधे कुठे अडलं तर जोर लावायचा नाही. अशा गाडीला धक्का मारायला सोसायटीच्या वॉचमनला बोलावू नका, गिअर टाकून धक्का मारणं म्हणजे वाल्वची वाट लावणं.

टायमिंगचा संशय असेल तर हे घरी उघडत बसू नका, काम केलेल्या गॅरेजच्याच फिटरला बोलवा आणि खुणा तुमच्यासमोर दाखवायला सांगा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दोरीने ओढत नेण्यापेक्षा फ्लॅटबेडवर (गाडी वर चढवून नेणाऱ्या ट्रकवर) टाका. आणि कामाचं बिल हाताशी ठेवा, त्याच कामातली गडबड निघाली तर परत मजुरी द्यायचा प्रश्नच येत नाही.