वर्कशॉपचा पहिला महिना : नव्या शिल्प निदेशकासाठी

पुण्याजवळच्या भोसरीतल्या एका टूलरूममध्ये अकरा वर्षं काढून मी आयटीआयत फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक झालो. हाताला काम येतं म्हणजे शिकवायलाही येईल, असं धरून चाललो होतो. पहिल्याच दिवशी वीस मुलं समोर आणि चालू ड्रिलिंग मशीन दोनच. एकाला दाखवताना एकोणीस नुसती उभी राहिली. रिकाम्या उभ्या मुलाचा हात नको तिथे जातो, याची मला अजूनही धास्ती वाटते.

म्हणून आधी मुलं कुठे उभी राहणार ते ठरवा, शिकवणं नंतर. पहिले दोन आठवडे सगळे व्हाइसवर, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यावर. पुढे पाच-पाचचे चार गट : कानस (धातू घासायची), मार्किंग, मोजमाप, ड्रिल. ड्रिलपाशी तुम्ही स्वतः थांबा. गॉगल हवा, बाह्या वर, जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मशीन व्हाइसमध्ये पक्का. हातमोजे मात्र काढायला लावा. फिरत्या ड्रिलमध्ये हातमोजा अडकला तर हातच ओढला जातो.

कानशीला घाई करू नका. ताठ उभं राहून हात दुमडला की कोपर व्हाइसच्या जबड्याच्या उंचीला आलं पाहिजे. बुटक्या मुलाच्या पायाखाली लाकडी फळी द्या, नाहीतर तो खांद्याने रेटतो. पुढे जाताना सुरुवातीला पुढच्या हाताचा दाब जास्त, शेवटी मुठीकडच्या हाताचा. परत येताना दाब नाही. हे चुकलं की जॉबच्या दोन्ही कडा उतरतात आणि मधे फुगवटा राहतो. दहा हात मारले की थांबून गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावायचा, उजेडाकडे धरून बघायचं. फट मुलाला स्वतःला दिसली पाहिजे, तुम्ही सांगायची नाही.

इथे मला पुणे शहराचीच मदत झाली. प्रवेश झाले की गणपती येतात, आणि वर्गातली काही मुलं ढोल पथकात असतात. रात्रीच्या सरावाने ती सकाळी पेंगतात, तळहाताला फोड असतात. मी आधी रागवायचो. मग एकाला म्हटलं, "ढोलावर जसा ठेका धरतोस, तसाच कानशीवर धर, मिनिटाला चाळीसेक." त्याचा जॉब त्या आठवड्यात बॅचमध्ये सगळ्यात सपाट निघाला. फोड असलेल्यांना त्या दिवशी मार्किंगला बसवतो.

मोजमापाचा माझा एक नियम आहे. मुलाने व्हर्नियरचं, म्हणजे बारीक मापाच्या सरकपट्टीचं, रीडिंग डायरीत लिहिल्याशिवाय मी जॉब हातात घेत नाही. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिमी; आमच्या दोघांत ०.०४ पेक्षा जास्त फरक आला तर दोघंही पुन्हा मोजतो. कधी मीच चुकलेला असतो, आणि ते मी सगळ्यांसमोर मान्य करतो.

थिअरी वेगळी ठेवू नका. एम १० चा टॅप मारायच्या, म्हणजे भोकात दहा मिमी स्क्रूचे आटे पाडायच्या, आदल्या तासाला पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिमी फळ्यावर घ्या. दहातून वजा केली की ड्रिल ८.५ चं, हे त्यांना तिथेच पटतं.

मटेरियलची मागणी रुजू झाल्याच्या आठवड्यातच लिहून द्या, मंजुरीला वेळ लागतो. तोवर ओळखीच्या वर्कशॉपमधून एम.एस. फ्लॅटचे (माइल्ड स्टीलच्या पट्टीचे) उरलेले तुकडे मागून आणा. मला कुणी नाही म्हटलेलं नाही. हॅकसॉ ब्लेडसारख्या किरकोळ वस्तूंना रविवार पेठेतली बोहरी आळी आहेच.

सुटीआधी पंधरा मिनिटं राखून ठेवा. प्रत्येक हत्याराची फळीवर रंगवलेली आकृती असू द्या. एक जागा रिकामी असेल तर कुणी दार उघडायचं नाही.